फ्रान्सचा ग्रामीण भाग, भाड्याची गाडी आणि दोघी मैत्रिणी: दहा दिवसांचा बेत कसा आखावा

तुम्ही दोघींनी विचारले आहे ते थोडक्यात असे: सप्टेंबरच्या उत्तरार्धात दहा दिवस हाताशी आहेत, दोघींनाही पुण्याच्या रहदारीत गाडी चालवण्याचा अनेक वर्षांचा सराव आहे, परदेशात मात्र दोघींपैकी कोणीही गाडी चालवलेली नाही, एकजण शाकाहारी आहे, आणि पॅरिसमध्ये गाडी ताब्यात घेऊन मों-सां-मिशेल, ल्वार नदीकाठचे राजवाडे, दोर्दोन्यचे खोरे आणि प्रोव्हान्स एवढे पाहून पुन्हा पॅरिसला परतणे जमेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. गेली अनेक वर्षे फ्रान्समध्ये राहून भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे असे प्रवास आखून देण्याचे काम मी करत आहे, त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की गाडी अवश्य घ्यावी, पण हा बेत पूर्णपणे सोडून द्यावा आणि चार प्रदेशांऐवजी एकच खोरे निवडावे.

तुमच्या मूळ मार्गाची बेरीज केली तर ती दोन हजार किलोमीटरांच्या आसपास जाते, आणि त्यातले बहुतेक अंतर ओतोरूतवर, म्हणजे टोलच्या द्रुतगती महामार्गावर कापावे लागते. ओतोरूत उत्तम असतात, परंतु ते गावांना मुद्दाम वळसा घालून काढलेले असल्यामुळे त्यांच्यावरून आवाज रोखणाऱ्या भिंती, मालाचे ट्रक आणि विश्रांतीचे थांबे एवढेच दिसते. ज्याला तुम्ही फ्रान्सचा ग्रामीण भाग म्हणता तो नकाशात पिवळ्या रंगाने दाखवलेल्या, ‘डी’ अक्षराने सुरू होणाऱ्या जिल्हा रस्त्यांच्या कडेला आहे, आणि त्या रस्त्यांवर आपल्याकडच्या कोकणातल्या आतल्या रस्त्यांप्रमाणेच अंतर किलोमीटरांत मोजण्यापेक्षा वेळात मोजावे लागते. पन्नास किलोमीटरांना सुखाने एक तास धरावा. दिवसाला दोन ते अडीच तासांपेक्षा अधिक काळ गाडी चालू नये, हे बंधन तुम्ही स्वतःवर घालून घेतले तर बाकीचे बरेच निर्णय आपोआप होतील.

माझी शिफारस पेरिगोर आणि केर्सी या लागून असलेल्या दोन जुन्या प्रांतांची आहे. आजच्या नकाशावर ते दोर्दोन्य आणि लॉत हे दोन जिल्हे होत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते, हवा बहुधा मवाळ असते, सूर्यास्त रात्री आठच्या सुमारास होतो आणि नदीखोऱ्यात सकाळी दाटणारे धुके साधारण दहापर्यंत विरते. प्रोव्हान्सचे लव्हेंडर जुलै-ऑगस्टमध्येच कापले जाते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये केवळ त्या जांभळ्या शेतांसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. मों-सां-मिशेल आणि ल्वारचे राजवाडे रेल्वे आणि बसने उत्तम रीतीने पाहता येतात. ते पुढच्या खेपेसाठी ठेवावेत. दोर्दोन्यच्या गावांना मात्र सार्वजनिक वाहतूक इतकी तुटपुंजी आहे की तिथे गाडीवाचून गत्यंतर नाही, आणि म्हणूनच गाडीचा खर्च तिथेच सार्थकी लागतो.

पॅरिसमध्ये गाडी घेऊ नका. पहिले दोन दिवस पायी आणि मेट्रोने फिरून पॅरिसच्या ओस्तेर्लित्झ स्थानकातून ब्रीव्ह-ला-गायार्दला जाणारी थेट रेल्वे पकडा. ती सुमारे साडेचार तास घेते. दोन तासांत बोर्दोला पोहोचवणाऱ्या अतिवेगवान रेल्वेचा मोह होईल, आणि बोर्दोच्या स्थानकात भाड्याच्या गाड्यांचे पर्यायही जास्त आहेत. परंतु उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा तुमचा पहिला तास मोठ्या शहराच्या ट्रॅममार्गांतून आणि भरधाव वर्तुळमार्गावरून जाऊ नये असे मला फार वाटते. ब्रीव्ह लहान शहर आहे, दहा-पंधरा मिनिटांत ते मागे पडते आणि तुमच्या पहिल्या मुक्कामाचे शहर सार्ला तिथून जेमतेम एका तासाच्या अंतरावर आहे. एवढेच ध्यानात ठेवावे की लहान शहरांतली भाड्याच्या गाड्यांची कार्यालये दुपारी बारा ते दोन बंद असतात आणि रविवारी बहुधा उघडतच नाहीत, म्हणून रेल्वेची वेळ या हिशेबाने निवडावी आणि आरक्षण करताना रेल्वेचा क्रमांक कळवावा. परतताना गाडी त्याच ठिकाणी सोडली तर दुसऱ्या शहरात गाडी टाकण्याचे जादा शुल्कही लागत नाही.

आता कागदपत्रांविषयी, कारण बेत फिसकटतात ते बहुतेक वेळा इथेच. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. तो तुमच्या आरटीओकडून फॉर्म ४ए भरून मिळतो, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत जोडावी लागते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. मूळ परवाना बरोबर नसेल तर या पुस्तिकेला काहीच किंमत नाही, तेव्हा दोन्ही नेणे आवश्यक आहे. दोघींनी एक गोष्ट आजच तपासावी: परवान्यावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव तंतोतंत जुळते का? आपल्याकडे परवाना लग्नाआधीच्या नावाने आणि पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाने असणे किंवा एकात वडिलांचे नाव मधे असणे आणि दुसऱ्यात नसणे अगदी नेहमीचे आहे, आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ही दोन वेगळ्या व्यक्तींची कागदपत्रे वाटू शकतात. तफावत असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वी मूळ परवान्यावर नाव दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण कार्डाची असते. अनामत रक्कम अडवून ठेवण्यासाठी मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते; डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारले जाते, आणि मैत्रिणीचे कार्ड चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार नवीन कार्डांवर परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावेत, मर्यादा वाढवून घ्यावी आणि पिन पाठ असावा. ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तो फोन परदेशातही चालू राहील याची व्यवस्था करावी. करारावर दोघींचीही नावे चालक म्हणून घाला, त्यासाठी दिवसागणिक थोडे जादा शुल्क पडले तरी. नाव नसलेल्या व्यक्तीने गाडी चालवली आणि अपघात झाला तर विमा लागू होत नाही, आणि एकीला अचानक ताप आला किंवा पाठ धरली तर दुसरीला कायदेशीरपणे गाडी हलवताही येणार नाही.

विम्याबाबत काउंटरवर घाईने सही करू नये. भाड्यात सहसा मूलभूत विमा धरलेला असतो, परंतु नुकसानीचा पहिला काही भाग तुम्हालाच भरावा लागतो. फ्रान्समध्ये त्याला ‘फ्राँशीझ’ म्हणतात आणि तो हजार युरोंच्या पुढे असणे अजिबात दुर्मीळ नाही. शेंगेन व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा वैद्यकीय खर्चासाठी असतो, त्याचा या रकमेशी संबंध नाही. तुम्ही नव्या बाजूने, दगडी भिंतींच्या अरुंद गल्ल्यांतून गाडी चालवणार आहात, तेव्हा ही रक्कम शून्यावर आणणारे संरक्षण तुम्ही घ्यावे असे माझे ठाम मत आहे. मात्र काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग त्यात येतो का, हे वाचून पाहावे, कारण गावांतल्या रस्त्यांवर हानी होते ती नेमकी त्याच भागांची.

गाडी लहान घ्या. रेनो क्लियो किंवा प्यूजो २०८ या आकाराची गाडी दोघींना आणि दोन मध्यम बॅगांना पुरते, आणि मध्ययुगात वसलेल्या गावांतून फिरताना तिचे लहानपण रोज उपयोगी पडते. ऑटोमॅटिक गिअरचीच गाडी मागा आणि ती काही महिने आधी आरक्षित करा, कारण लहान शहरांत अशा गाड्या मोजक्याच असतात. डावीकडे बसणे, उजवीकडून चालणे आणि उजव्या हाताने गिअर टाकणे या तीन नव्या सवयींपैकी एक तरी त्यामुळे वजा होते. इंडिकेटरचा दांडा तिथे स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना हात सवयीने उजवीकडे जाईल आणि वायपर फिरू लागतील. गाडी हलवण्यापूर्वी पार्किंगमध्येच पंधरा मिनिटे बसून दिवे, वायपर, आरसे आणि मागे घेण्याचा गिअर हाताला लावून घ्यावा. परावर्तक जाकीट आणि त्रिकोण गाडीत असणे कायद्याने बंधनकारक आहे. जाकीट डिकीत नव्हे, बसल्या जागी हाताला लागेल असे हवे. आधीच असलेल्या ओरखड्यांची आणि चारही चाकांची छायाचित्रे त्याच वेळी काढून ठेवावीत.

रस्त्यावरच्या नियमांपैकी भारतीय चालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी ठाऊक असलेला नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य. एखादी खूण वेगळे सांगत नसेल, तर उजव्या हाताच्या लहानशा गल्लीतून येणाऱ्या गाडीलाही तुम्ही मोठ्या रस्त्यावर असूनही वाट द्यायची असते. ग्रामीण भागात हा नियम जिवंत आहे, आणि स्थानिक वृद्ध चालक त्या हक्काने थेट रस्त्यावर येतात. पांढऱ्या किनारीचा पिवळा चौकोन टोकावर उभा केलेला दिसला, की तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात. त्याच चौकोनावर काळी तिरपी रेघ आली की प्राधान्य संपले. गावाच्या वेशीवर हा रेघ मारलेला चौकोन अनेकदा दिसतो आणि तिथून पुढे उजवीकडे पाहत पाहत जायचे असते. वर्तुळाकार चौकात याच्या उलट असते: आत फिरणाऱ्यांना प्राधान्य, तुम्ही डावीकडे पाहून थांबायचे आणि उजवीकडे वळून आत शिरायचे. ‘स्टॉप’ लिहिलेल्या पाटीपाशी रस्ता मोकळा दिसत असला तरी चाके पूर्ण थांबली पाहिजेत; न थांबल्यास १३५ युरोंचा दंड आहे.

वेगमर्यादेसाठी वेगळी पाटी शोधू नये. लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी हीच ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असते, आणि ते नाव तिरप्या रेघेने खोडलेले दिसले की ती संपते. गावाबाहेर, मध्ये दुभाजक नसलेल्या दुहेरी रस्त्यांवर १ जुलै २०१८ पासून ताशी ८० ची मर्यादा आहे. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली असून तशा पाट्या तिथे लावलेल्या असतात. अनेक गावांनी मधल्या भागात ३० ची मर्यादा घातली आहे. वेगमापक कॅमेरे सगळीकडे आहेत आणि त्यांच्याकडून सूट मिळत नाही. मागून एखादी गाडी अगदी चिकटून आली तर वेग वाढवू नये. जागा मिळताच उजवीकडे थांबून तिला पुढे जाऊ द्यावे, यात कोणताही कमीपणा नाही. सायकलस्वाराला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. मद्याची कायदेशीर मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम असली, तरी त्या दिवशी जिच्या हाती गाडी आहे तिने दुपारच्या जेवणात वाइनला हात लावू नये, असेच मी सुचवेन.

दोघींच्या प्रवासात सर्वाधिक विचार कोणत्या गोष्टीचा करावा, असे विचाराल तर मी कामाच्या वाटणीचे नाव घेईन. मोठ्या गटात मतभेद विरघळून जातात. दोघीच असल्या की गाडीच्या बंद जागेत ते वाढतात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक रुसव्यांचे मूळ वर्तुळाकार चौकात चुकलेल्या वळणात होते. म्हणून एका दिवशी एकच चालक असावी आणि दुसरीने पूर्ण दिवस वाट दाखवण्याचे काम करावे. दर तासाला अदलाबदल केली तर दोघींपैकी कोणाचाही हात बसत नाही. वाट दाखवणारीने ‘इथून वळ’ असे न म्हणता चौक येण्याआधीच ‘तिसरी वाट, दोमकडे’ असे क्रमांक आणि गावाचे नाव मिळून सांगावे. वाट सुटली तर चौकाला आणखी एक फेरी मारणे पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि ते कोणत्याही खुलाशाशिवाय करावे. फोनला चालकाने हात लावायचा नाही. तिथे कानात इअरफोन घालून गाडी चालवणेही निषिद्ध आहे.

फोनवरचा नकाशा उपयुक्त असला तरी तो चार मिनिटे वाचवण्यासाठी शेतांमधल्या एका गाडीच्या रुंदीच्या वाटेने नेतो. मिशलँचा त्या जिल्ह्यांचा छापील नकाशा विकत घ्या. त्यात निसर्गरम्य रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते, आणि आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर तो पसरून त्या हिरव्या रेघा जोडत दुसऱ्या दिवसाचा मार्ग ठरवणे हा या प्रवासाचा मोठा आनंद आहे. मार्ग लिहून काढताना रस्त्याचे क्रमांक मुख्य धरू नका, कारण ‘डी’ रस्ते प्रत्येक जिल्ह्याच्या अखत्यारीत असतात आणि हद्द ओलांडताच त्याच रस्त्याचा क्रमांक बदलू शकतो. वाटेतल्या गावांची नावे क्रमाने लिहावीत, कारण पाट्यांवर पुढच्या गावाचेच नाव असते.

मुक्काम दोनच करावेत. पहिला सार्लाच्या आसपास पाच रात्रींचा आणि दुसरा फिजाकच्या बाजूला तीन रात्रींचा. हॉटेलपेक्षा ‘जीत’ म्हणून ओळखले जाणारे स्वयंपाकघरासह भाड्याचे घर तुम्हाला अधिक सोयीचे पडेल. बरीच घरे आठवड्याच्या हिशेबाने दिली जातात, परंतु सप्टेंबरच्या उत्तरार्धात मालक कमी रात्रींनाही सहसा तयार होतात. स्वयंपाकघराचा आग्रह मी शाकाहारी मैत्रिणीसाठी धरतो आहे. पेरिगोर हा बदक आणि हंस यांच्या मांसावर पोसलेला प्रदेश आहे, आणि तिथे शाकाहारी दिसणारे पदार्थही अनेकदा तसे नसतात. सार्लाच्या नावाने प्रसिद्ध असलेले बटाट्याचे काप बदकाच्या चरबीत परततात, लसणाचे ‘तूरँ’ नावाचे सूपही पारंपरिक पद्धतीत त्याच चरबीत सुरू होते, आणि प्रमाणित पारंपरिक चीज बहुधा वासराच्या किंवा करडाच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजलेले असते. मैत्रीण चीजबाबत किती काटेकोर आहे हे निघण्यापूर्वीच ठरवावे. बाजारात मात्र तिची चंगळ होईल: सप्टेंबरात अंजीर, द्राक्षे आणि टोमॅटो असतात, सेप नावाची रानआळिंबी येऊ लागते, महिन्याच्या अखेरीला नवे अक्रोड येतात, आणि अक्रोडाचे तेल ही तर तिथली खासियत आहे. उपाहारगृहांची वेळ बारा ते दोन आणि सायंकाळी सात ते नऊ एवढीच असते. दुपारी अडीच वाजता गरम जेवण मिळेल या भरवशावर गावात शिरलात, तर उपाशी राहाल. रविवारी दुपारनंतर किराणा दुकानेही मिटतात, म्हणून शनिवारी सामान भरून ठेवावे.

सार्लाचा मोठा बाजार शनिवारी भरतो आणि बुधवारी सकाळी त्याची लहान आवृत्ती असते. जुने शहर आज असे अखंड दिसते त्यामागे १९६२ चा मालरो कायदा आहे. जुन्या वस्त्यांच्या जतनासाठी केलेल्या त्या कायद्याखाली सर्वप्रथम दुरुस्त झालेल्या शहरांत सार्ला होते. तिथल्या सेंत-मारी या जुन्या चर्चचे वास्तुकार जाँ नुव्हेल यांनी आच्छादित बाजारात रूपांतर केले आहे, त्याचे अवाढव्य पोलादी दरवाजे पाहण्यासारखे आहेत. बाजाराच्या दिवशी मधले रस्ते बंद असतात, आणि आदल्या रात्री चौकात उभी केलेली गाडी पहाटे उचलून नेली जाते. पार्किंगच्या जागी लहान अक्षरांत वाराचे नाव लिहिलेली पाटी असते, ती नेहमी वाचावी. निळ्या रेषा आखलेल्या जागी पैसे लागत नाहीत, पण पोहोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी काचेमागे ठेवावी लागते.

सार्लाहून दक्षिणेला अर्ध्या तासाच्या आत दोर्दोन्य नदीचा तो पट्टा आहे ज्यासाठी मी तुम्हाला इतक्या दूर पाठवतो आहे. गडकिल्ल्यांची ओढ असल्याचे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा इथे घाई करू नका. बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर जवळजवळ समोरासमोर उभे आहेत. १३३७ ते १४५३ या काळातल्या शतवार्षिक युद्धात बेनाक फ्रेंचांच्या आणि कास्तेलनो दीर्घकाळ इंग्रजांच्या बाजूला होता, आणि नदी हीच सीमा होती. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धतंत्राचे संग्रहालय आहे, तिथे दगडफेकी यंत्रे मूळ आकारात बांधून ठेवली आहेत. वेढ्याचे गणित ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी बेनाकपेक्षा कास्तेलनोला अधिक वेळ द्यावा. किल्ल्यांइतकेच महत्त्व ‘बास्तीद’ या नियोजित गावांना आहे. दोम हे १२८१ मध्ये फ्रान्सच्या राजाने कड्यावर वसवले, तर माँपाझिए १२८४ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या हुकमाने. काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि मधोमध कमानींनी वेढलेला बाजारचौक अशी त्याची रचना आजही स्पष्ट वाचता येते. कास्तेलनोजवळच मिलांद हा राजवाडा आहे. नर्तिका जोसेफिन बेकर यांनी तो १९४७ मध्ये विकत घेतला होता, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकार चळवळीतील कामासह त्यांच्या एकूण कार्याचा सन्मान म्हणून २०२१ मध्ये त्यांना पॅरिसच्या पाँतेओं या थोर व्यक्तींच्या राष्ट्रीय स्मारकात स्थान देण्यात आले.

या पट्ट्यातला डी ७०३ हा रस्ता ला रोक-गाजाकपाशी कडा आणि नदी यांच्या फटीतून जातो आणि बेनाकखाली आणखी चिंचोळा होतो. तिथली कोंडी फोडण्यासाठी सुरू झालेले बाह्यवळण मार्गाचे काम परिसराच्या रक्षणाच्या कारणावरून देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये थांबवले. हा भाग सकाळी दहाच्या आत पार करावा, गाडी गावाच्या कडेच्या वाहनतळात लावावी आणि उरलेले पायी पाहावे.

वेझेर नदीच्या खोऱ्याला स्वतंत्र दोन दिवस द्या. लास्कोची गुहा १९४० मध्ये सापडली आणि प्रेक्षकांच्या श्वासाने चित्रांची हानी होऊ लागल्यामुळे १९६३ मध्ये बंद झाली. मोंतिन्याकला आज जी दिसते ती २०१६ मध्ये उघडलेली संपूर्ण प्रतिकृती आहे. ती अतिशय काळजीपूर्वक केलेली असली, तरी मूळ चित्रांसमोर उभे राहण्याचा अनुभव वेगळा आहे आणि तो लेझेझीजवळच्या फों-द-गोम गुहेत अजूनही घेता येतो. तिथे दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून त्या भेटीचे आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करावे. रूफिन्याकच्या गुहेत विजेवर चालणाऱ्या छोट्या रेल्वेतून मॅमथची चित्रे दाखवतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर ती निवडा.

दुसऱ्या मुक्कामाकडे जाताना रोकामादूर वाटेत येते. कड्याला बिलगलेल्या या तीर्थक्षेत्राच्या गल्लीत पाहुण्यांच्या गाड्या सोडत नाहीत. वर लोपिताले या वस्तीत गाडी लावून उतरत यावे, २१६ पायऱ्यांचा जिना पाहावा आणि परत वर जाताना लिफ्ट घ्यावी. जवळच्या पादिराकची ७५ मीटर खोल दरी आणि तिच्या तळाशी वाहणाऱ्या नदीतली नावेची फेरी यांसाठीही वेळ आधी राखून ठेवावा लागतो. फिजाक हे प्राचीन इजिप्शियन लिपी उलगडणाऱ्या शाँपोलियोंचे जन्मगाव असून तिथे जगातल्या लिप्यांचे सुरेख संग्रहालय आहे. तिथून सेले नदीच्या काठाने सां-सिर्क-लापोपीपर्यंत जाणारा रस्ता मला संपूर्ण प्रदेशात सर्वांत प्रिय आहे. वाटेत पेश-मेर्लच्या गुहेत ठिपक्यांचे घोडे आहेत, २५ हजार वर्षांहून जुने आणि मूळ. शेवटच्या दिवशी ब्रीव्हला परतताना लाल वालुकाश्मात बांधलेले कोलोंज-ला-रूज पाहा; ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ ही संस्था १९८२ मध्ये याच गावाच्या पुढाकाराने स्थापन झाली. या शिक्क्यासाठी गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत असावी लागते.

इंधनाबद्दल एक सावधगिरी: ‘गाझॉल’ म्हणजे तिथे डिझेल. पेट्रोलच्या नळीवर वर्तुळात ‘ई५’ किंवा ‘ई१०’ आणि डिझेलच्या नळीवर चौकोनात ‘बी७’ असे लिहिलेले असते. तीच खूण टाकीच्या झाकणाच्या आत असते, ती जुळवून पाहावी. सुपरमार्केटच्या आवारातले पंप स्वस्त असतात, परंतु रात्री आणि रविवारी ते केवळ कार्डावर चालतात आणि इंधन भरण्यापूर्वी मोठी रक्कम काही काळ अडवून ठेवतात. टाकी अर्ध्यावर आली की दिवसाउजेडी भरून घ्यावी. वाहनतळावर गाडी सोडताना आसनांवर पिशवीसुद्धा दिसू देऊ नका. सप्टेंबरमध्ये शिकारीचा हंगाम सुरू होतो, म्हणून रानवाटांवर चालताना भडक रंगाचे कपडे घालावेत, आणि संधिप्रकाशात हरणे रस्त्यावर येतात याचे भान ठेवून वेग कमी करावा.

गाडीला गाडी घासली, तर भांडण न करता डॅशबोर्डच्या खणातला ‘काँस्ता’ हा छापील अर्ज दोन्ही चालकांनी मिळून भरायचा असतो. त्यावर आकृती काढतात, खुणा करतात आणि दोघेही सही करतात. न समजलेल्या चौकटीवर खूण करू नये, आणि सही करण्याआधी पानाचे छायाचित्र घेऊन भाड्याच्या कंपनीला फोन करावा. कोणाला इजा झाली असेल तर ११२ फिरवावा.

गाडी परत करताना टाकी भरून पावती जपून ठेवावी, कार्यालय उघडे असतानाच चावी द्यावी आणि कर्मचाऱ्याकडून गाडी तपासून तसा कागद घ्यावा. बंद कार्यालयाच्या पेटीत चावी टाकली, तर पुढची तपासणी तुमच्या गैरहजेरीत होते. वेगाचे दंड गाडीच्या मालकाकडे जातात, कंपनी तुमचे नाव-पत्ता कळवण्याचे स्वतंत्र शुल्क तुमच्या कार्डावर लावते, आणि खुद्द दंडाची नोटीस त्यानंतर पुण्याच्या पत्त्यावर येऊ शकते. ही पत्रे यायला काही महिनेही लागतात, म्हणून करार, छायाचित्रे आणि परत केल्याचा कागद वर्षभर तरी टाकून देऊ नयेत, आणि कार्डाच्या मासिक विवरणपत्रावर तोवर लक्ष ठेवावे.